मदत हवी आहे: चोर्ल्याचा चढ लागला की जुनी पिकअप दम टाकते. डिझेल पंप खोलायला देऊ का?

मंडळी, गाडी टाटा २०७ डीआय, २००७ची, मी दुसरा मालक. कुळागरातली सुपारी, नारळ, केळी एवढंच तिचं काम. अधूनमधून चोर्ल्याने बेळगावला जाते आणि येताना बियाणं, खत, कांदे-बटाटे घेऊन येते. सपाटीवर शून्य तक्रार. वाळपईहून फोंडा म्हणा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणा, कुठेही काढा, मुकाट जाऊन येते.

भानगड फक्त घाटात. केरीतून निघून अंजुणे धरण मागे पडलं आणि खरा चढ लागला की पहिली काही वळणं झकास ओढते. मग एक्सलेटर दाबावा तसा जोर येत नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. पाय तळाला टेकलेला आणि इंजिन मात्र आपल्याच तंद्रीत. शेवटी घुटमळत बंद. चाकामागे धोंडा लावून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की एका चावीत चालू होते आणि वर थोडं अंतर परत पहिल्यासारखी ओढते. मग पुन्हा तेच. एकदा वरच्या पठाराला लागली की जांबोटीपर्यंत काही म्हणजे काही नाही.

डिझेल फिल्टर नवा टाकला. एअर फिल्टर धुऊन तेल बदललं. रेडिएटरचं पाणी ठीक, टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलत नाही. नेहमीच्या मेस्त्रींनी नुसता आवाज ऐकून निकाल दिला, डिझेल पंप गेला, काढून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) द्या, इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल बदला. आकडा पंचवीस हजारांच्या पुढचा आहे. घरातून मोहीम सुरू झालीय की विकून टाक आणि छोटा टेम्पो घे. गाडी माझ्या कामाला अगदी बरोबर आहे, विकायची नाही. पण पैसे ओतण्याआधी आणखी काय तपासावं? हत्यारं चालवायची सवय आहे, शेतीचा पंप घरीच खोलतो.

गरमागरम_भजी: पात्रांव, ई२०चा प्रताप हा. हल्ली सगळ्यांच्या गाड्या असंच करतात.

पाना_बारातेरा: भजीदादा, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. धागाकर्त्याची गाडी डिझेलची आहे. इथेनॉलचा इथे संबंध नाही.

गरमागरम_भजी: मग भेसळ. आमचं काम मत देण्याचं, दिलं.

खटाराप्रेमी: पंपाला अजून हात लावू नका. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या, मग बोलू. दम टाकते तेव्हा धूर कोणत्या रंगाचा? त्या वेळी इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, असं होतं का? थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिलात का, एखादा भाजण्याइतका तापलेला असतो का? आणि टाकी भरलेली असताना व अर्धी असताना काही फरक जाणवतो?

धागाकर्ता: काळा धूर अजिबात नाही. बंद पडायच्या बेताला थोडा पांढरट येतो. फेरे वाढत नाहीत, उलट पडतात. ड्रम पाहिले, चारही सारखेच कोमट. टाकीचं म्हणाल तर हो, अर्ध्याखाली डिझेल असलं की लवकर होतं, भरलेली असली की बराच वर जातो. रिकामी गाडी एकदोनदा नेली, तेव्हा कुरकुरली पण बंद पडली नाही.

खटाराप्रेमी: छान, यातच अर्धं उत्तर आलं. फेरे वाढत नाहीत म्हणजे क्लच घसरत नाही. ड्रम सारखे म्हणजे ब्रेक धरत नाहीत. काळा धूर नाही म्हणजे हवा कमी पडत नाही. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली असती तर मागच्या स्कूटरवाल्याने तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. धूर नाही आणि ताकदही नाही, याचा अर्थ इंजिनापर्यंत डिझेलच पोचत नाही. इंजिन उपाशी आहे.

आता उपाशी का, ते बघू. तुमच्या गाडीला कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, त्यामुळे काम सोपं. टाकीतून डिझेल ओढतो तो मोठ्या पंपाच्या (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या) अंगाला बसवलेला छोटा फीड पंप. टाकीपासून त्या फीड पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते, पुढची दाबावर. दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर दिसतं. ओढीच्या बाजूला फट असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणूनच बरेच मेस्त्री तिकडे बघत नाहीत, डोळ्याला काही दिसतच नाही ना.

सपाटीवर इंजिनाला जेमतेम पाव डिझेल लागतं. लाइन अर्धी तुंबली असली तरी निभावून जातं. भरल्या गाडीने घाट चढताना पूर्ण लागतं आणि तिथे उघडं पडतं. आणि पंधरा मिनिटं थांबल्यावर आपोआप बरी होते, हे पंप झिजल्याचं लक्षण मला वाटत नाही. झिजलेला पंप विश्रांती घेऊन नवा होत नाही. उलट तो तापलेला असताना चालू व्हायला त्रास देतो. तुमची एका चावीत चालू होते. टाकीतल्या जाळीवर कचरा बसला असेल तर मात्र असंच होतं. इंजिन बंद, ओढ बंद, कचरा जाळीवरून सुटून खाली बसतो. चालू केलं की थोड्या वेळाने परत येऊन चिकटतो.

माझ्या क्रमाने करा. आधी टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत घेणारं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल ओढलं जात नाही. गाडी दम टाकेल त्या क्षणी थांबून झाकण उघडा. फुस्स आवाजाने हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली तर काम फुकटात झालं. मग फीड पंपावर एक छोटी वाटी आणि तिच्यात बारीक जाळी असते, किंवा डिझेल आत येतं त्या बँजो बोल्टमध्ये (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) जाळी असते. ती काढून धुवा. हिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. बसवताना तांब्याचे वायसर नवेच घाला, जुने दाबून बसवले की हवा घेतात.

त्यानंतर फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले की समजायचं टाकी ते फीड पंप यात कुठेतरी फट आहे. बहुतेक वेळा चेसिसवरच्या लोखंडी पाइपाला रबरी नळी जोडलेली असते तिथे. बुडबुडे नाहीत पण नळीत डिझेल तुटक तुटक येतंय, तर तुंबलंय.

कुळागरी: पारदर्शक नळीबद्दल एक. बाजारात पाण्याची साधी नळी मिळते ती घालू नका, डिझेलने कडक होऊन सटकते. तपासणीपुरती ठीक, मग काढा. आणि जुन्या रबरी नळ्या सरसकट बदला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ या प्रदूषण मानकाचं डिझेल आलं, गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर. धुरासाठी चांगलंच. पण जुन्या डिझेलवर फुगून घट्ट बसलेली रबरं नव्या डिझेलवर आकसतात आणि पाझरायला लागतात. माझ्या जुन्या जीपला हेच झालं होतं. नळ्या आणि सील बदलले, प्रश्न मिटला.

घाटावरचा: सगळे पंपाला क्लीन चिट देताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, मी हेच काम करतो. फीड पंपाचा पिस्टन आणि वॉल्व झिजतात, ओढ कमी होते, लक्षणं हुबेहूब हीच. मोठ्या पंपावरच्या ओव्हरफ्लो वॉल्वची (जादा डिझेल परत सोडणारा) स्प्रिंग मऊ पडली तर आत दाब टिकत नाही, तेव्हाही हेच. पण या दोन्ही वस्तू मोठा पंप न खोलता बदलता येतात आणि त्यांची किंमत पंचवीस हजारांच्या आसपासही जात नाही. पंप टेस्ट बेंचवर चढवायचा तो शेवटी. नोझलबद्दल सांगायचं तर नोझल गेले असते तर धूर आणि ठोक आधीच सुरू झाली असती.

टाकी दोषी की पुढचं काही, हे एका फटक्यात कळायला डबा लावून बघा. पाच-दहा लिटरचा स्वच्छ कॅन हौद्यात पुढच्या बाजूला घट्ट बांधा. फीड पंपाची आत येणारी नळी त्या कॅनमध्ये आणि परतीची नळीसुद्धा त्याच कॅनमध्ये. लोक परतीची विसरतात, मग कॅनमधलं डिझेल भराभर टाकीत जातं आणि अर्ध्या वाटेत कॅन रिकामा. असा चढ चढून बघा. झकास चढली तर दोष टाकी आणि लाइनमध्ये. नाही चढली तर या माझ्याकडे. कॅन केबिनमध्ये ठेवू नका आणि नळी सायलेन्सरपासून लांब न्या.

आणखी एक, हे जास्त महत्त्वाचं. चढावर इंजिन बंद पडलं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत जाते. पेडल एकदोनदा दाबेपर्यंत हलका असतो, मग जड. गाडी मागे सरकू देऊन परत परत पेडल मारू नका. हॅण्डब्रेक, गिअर आणि चाकामागे लाकडी ठोकळा. दुसरं माणूस बरोबर असल्याशिवाय ही चाचणी घाटात करू नये.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. झाकण उघडून पाहिलं, फुस्स काही नाही, फरकही नाही. फीड पंपाची जाळी काढली तर तिच्यावर तांबूस बारीक भुकटी. धुऊन बसवली, हवा काढली, थोडी सुधारणा वाटली पण समाधान नाही. मग भाच्याला बरोबर घेऊन कॅन बांधला आणि नेहमीएवढं ओझं भरून निघालो. न थांबता वर. दुसऱ्या गिअरात जिथे रडायची तिथे तिसऱ्यात गेली.

परत येऊन टाकी उतरवली. तळाचा बोल्ट काढला तर आधी पाणी आलं, मग डिझेल. आतल्या ओढनळीच्या टोकाची जाळी गंजाच्या पापुद्र्यांनी आणि काळ्या बुळबुळीत थराने भरलेली. पापुद्रे नखाएवढे. अर्ध्याखाली डिझेल गेलं की लवकर का होत होतं तेही कळलं, कमी डिझेलमध्ये सगळा गाळ जाळीपाशी गोळा होणार. गाडी माझ्याकडे येण्याआधी किनाऱ्याकडे मासळी वाहायची, हे मी आधी लिहिलं नव्हतं.

आता टाकीचं काय करू? वरून बरी दिसते, पण एका कोपऱ्यात टोचलं तर स्क्रूड्रायव्हर आत जाईल अशी शंका आहे. वेल्डिंग करून घेऊ?

खटाराप्रेमी: मासळीची गाडी! मग टाकीवर थांबू नका, चेसिसही बघा. मिठाचं पाणी हौद्याच्या फटीतून थेट चेसिसवर गळत असतं. मागचे पाटे जिथे टांगलेले असतात ते हँगर आणि त्यांच्या आसपासचा चेसिस हातोडीने ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तिथे हे निघण्याआधी तुम्हीच काढा.

टाकी पातळ झाली असेल तर वेल्डिंग नको. एक भोक बुजवाल, शेजारी दुसरं पडेल. शिवाय रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आतली वाफ पेटते. गरम पाण्याने आणि वाफेने नीट धुतल्याशिवाय जो कोणी वेल्डिंगची ठिणगी जवळ नेतो, त्याच्या गाराजात पाऊल ठेवू नका.

पाना_बारातेरा: पत्रा अजून जाड असेल तर घरी साफ होते. मूठभर नट आणि सायकलच्या चेनचा तुकडा आत टाका, दोनतीन लिटर डिझेल घाला, दोघांनी धरून हलवा. गाळ काळा येईपर्यंत बदलत राहा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. ॲसिडच्या वाटेला आत्ता जाऊ नका. आपल्याकडे आषाढात ॲसिडने धुतलेला पत्रा वाळायच्या आत परत तांबडा होतो.

कुळागरी: काळा बुळबुळीत थर म्हणजे पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारे जीवाणू आणि बुरशी. पाणी काढलं की त्यांचं राहणं बंद. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आत दव धरतं. आणि महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालू करण्याआधी, तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

गरमागरम_भजी: आमचे काका दर वैशाखात गाडीखाली जळकं तेल मारायचे. गंज नाही काही नाही.

घाटावरचा: काकांची गाडी वाचली असेल, रबराचे बुश नक्कीच वाचले नसतील. जळकं तेल रबराला फुगवतं, ड्रमवर उडालं तर ब्रेक जातो आणि उरलेलं पहिल्या पावसात वाहून विहिरीकडे. चेसिस धुऊन, गंज खरवडून, प्रायमर आणि वर जाड काळा कोट. दोन रविवार जातील, पण दर वर्षीची कटकट नाही.

धागाकर्ता: देव बरें करूं. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर खरंच आत गेला, त्यामुळे टाकी बाद. जुन्या बाजारात त्याच मापाची एक मिळतेय, आतून बॅटरी मारून पाहिली, स्वच्छ आहे. फ्लोट (डिझेलची पातळी दाखवणारा तरंगा) मात्र दुसऱ्या मॉडेलचा. चालेल का?

पाना_बारातेरा: तुमचा जुना फ्लोट काढून त्यात बसवा, भोकं जुळली पाहिजेत एवढंच. ओढनळी तळापासून दोन बोटं वर राहते का ते बसवण्याआधी काडी घालून मोजा. तळाला टेकली तर परत गाळ ओढेल, जास्त वर राहिली तर पाव टाकी डिझेल असताना घाटात बंद पडेल. आणि टाकी चेसिसला जिथे टेकते तिथे पट्ट्याखाली रबर घाला, नुसत्या पत्र्यावर पत्रा नको.