विवाह व कुटुंब समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न (परभणी): धाकटी बहीण एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाली असून तिला दांपत्य समुपदेशन शिकायचे आहे. कोणता मार्ग धरावा?

उत्तर (लातूर): आपल्याकडे या विषयाचा स्वतंत्र परवाना नाही. कॅलिफोर्नियात मात्र पदव्युत्तर पदवीखेरीज अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ३,००० तास काम केल्यावरच तो मिळतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकार समाजकार्याचे शिक्षण मिळते, तेथे चौकशी करावी.

उत्तर (संभाजीनगर): १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, तेही ध्यानात ठेवावे. खरे शिक्षण देखरेखीतच होते. ऊसतोडीहून परतलेल्या एका जोडप्याच्या बैठकीत सगळे सासरेच बोलत होते; मार्गदर्शक बाईंनी मला फक्त खुर्च्यांची जागा बदलायला सांगितली, तेव्हा कुठे सूनबाईंनी पदर सावरून तोंड उघडले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, ताई. निम्हान्सची चौकशी करतो.