सुती पिशव्यांच्या खरेदीचा प्रस्ताव

ए-203: सर्वांना नमस्कार. घरोघरी पर्यावरणपूरक सवयी रुजाव्यात म्हणून प्रत्येक सदनिकेसाठी नव्या सुती पिशव्यांचा संच सोसायटीतर्फे एकत्रित मागवावा, असा माझा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत असल्यास कृपया आजच कळवावी.

सी-104: ताई, आपल्या हेतूबद्दल शंका नाही, मात्र खरेदीला माझी हरकत आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निव्वळ हवामानबदलाचा निकष लावला तरी सुती पिशवी किमान 52 वेळा वापरल्यावरच ती दुकानातल्या नेहमीच्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, आणि सगळे निकष लावले तर हा आकडा काही हजारांवर जातो. बहुतेकांच्या कपाटात पिशव्या आधीच पडून आहेत. त्या बाहेर पडताना हाताशी लागतील अशा जागी टांगल्या की काम झाले.

ए-203: मुद्दा पटला. ऑर्डर देत नाही. पण मग खर्च न करता नेमके काय करता येईल?

बी-401: सुरुवात गरम पाण्यापासून करावी, असे मी सुचवीन. दिवे बंद करण्याबद्दल आपण मुलांना सतत बजावतो, मात्र 15 लिटर पाण्याचे तापमान 25 अंशांनी वाढवायला सुमारे 0.44 युनिट वीज लागते आणि तेवढ्या विजेवर 9 वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ दोन दिवस अखंड जळू शकतो. शिवाय गिझर दिवसभर चालू राहिला, तर टाकीतून उष्णता बाहेर झिरपत राहते आणि कोणी नळ उघडला नाही तरी पाणी पुन्हा पुन्हा तापवले जाते. पाणी तापवणाऱ्या वॉशिंग मशीनचेही तसेच आहे. फार मळके कपडे नसतील तर गार पाण्याचा पर्याय निवडावा आणि मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नये. दिवे जरूर बंद करावेत, पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

ए-501: फ्लशच्या टाकीची गळतीही तपासावी. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकून पंधरा मिनिटे फ्लश न करता थांबावे. खाली भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाशी असलेले रबरी सील बदलण्याची वेळ झाली आहे. ही गळती आवाज करत नाही, त्यामुळे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

सी-302: ओल्या कचऱ्याचे काय? आमच्या कंपोस्टच्या डब्याला इतकी दुर्गंधी सुटली की घरच्यांनी तो बंदच करायला लावला.

सी-104: काका, दुर्गंधी येते याचा अर्थ आत हवा खेळत नाही. नुसता ओला कचरा दाबून बसला की प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात. कचराभूमीवरच्या ढिगातही हेच घडते आणि मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. प्रत्येक ओल्या थरावर त्याच्या दुप्पट सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे बारीक तुकडे टाकावेत आणि अधूनमधून काठीने सगळे खालीवर करावे. मूठभर मिश्रण पिळून पाहावे. हाताला ओल जाणवावी, पण पाण्याची धार लागू नये. धार लागली तर आणखी पुठ्ठा घालून झाकण थोडे उघडे ठेवावे.

सी-302: डबा अजून गच्चीत आहे. पुठ्ठ्याची खोकी कोणाकडे असतील, तर कृपया टाकून न देता मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.