मदत हवी आहे: क्यूबेसमध्ये बासरीचा कर्व्ह फक्त शेवटाकडे खाली आणायचा आहे

मंडळी, कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत क्यूबेसमध्ये (संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) करतोय. प्रयोग भरत नाट्य मंदिरात आहे आणि तारीख डोक्यावर आली आहे, तेव्हा जाणकारांनी जरा लवकर सांगावं.

शेवटच्या प्रवेशात बासरीचा एक लांब सूर आहे, सॅम्पल लायब्ररीतला (आधीच रेकॉर्ड केलेल्या खऱ्या सुरांचा संच). त्यातली फुंक कीबोर्डच्या मॉड व्हीलवर, म्हणजे सीसी १ वर (० ते १२७ व्हॅल्यू देणारा मिडी कंट्रोलर) आहे. सूर दाबून धरून डाव्या हाताने व्हील फिरवत रेकॉर्ड केलं, त्या व्हॅल्यूंचा पडद्यावर पॉइंटांचा कर्व्ह दिसतो. सुरुवात ४० च्या आसपास, मग चढत चढत ११८. मधले बारीक हेलकावे इतके छान पडलेत की पुन्हा तसे हाताने येतील असं वाटत नाही. पण दिग्दर्शक म्हणतो, "बासरी झकास आहे रे, पण आईचं शेवटचं वाक्य बुडतंय." म्हणजे शेवट ९० च्या आत हवा.

सगळे पॉइंट निवडून खाली ओढले तर सुरुवात ऐकूच येत नाही. लाइन टूलने नवी रेघ मारली तर हेलकावे गेले. ट्रॅकच्या आवाजाचा फेडर खाली घेतला तर वाक्य ऐकू येतं, पण बासरी कुणीतरी लांब उभं राहून जिवाच्या आकांताने फुंकतोय असं वाटतं.

दुसरं म्हणजे, सा वरून शुद्ध ग वर मींड (सूर न तोडता घसरत जाणं) हवी आहे. सूर वर-खाली सरकवणारा पिच बेंड पूर्ण वर नेला तरी रे वरच अडकतो. आणि सरळ रेघेची मींड भोंग्यासारखी वाजते.

(नदीपात्रातल्या ढोलपथकांचा सराव संध्याकाळी थेट घरात येतो, त्यामुळे सगळं हेडफोनवर चाललंय. बारीक फरक निसटत असतील तर तेही सांगा.)

प्रतिसाद १

फेडरचं तुम्ही बरोबर ओळखलंत. अशा लायब्ररीत सीसी १ नुसता आवाज वाढवत नाही, हळू फुंकीच्या सॅम्पलवरून जोरकस फुंकीच्या सॅम्पलवर नेतो. फेडरने आवाज कमी होतो, फुंक तीच राहते. त्यामुळे कर्व्हच बदलायला हवा.

बाणाच्या टूलने सीसी १ च्या लेनमधले (कर्व्ह दिसतो ती पट्टी) चढाचे पॉइंट निवडा, भोवती चौकट येईल. वरच्या कडेचा मध्य ओढला तर सगळंच प्रमाणात खाली येतं, ते तुम्हाला नको. उजवा वरचा कोपरा खाली ओढा. डावं टोक जागेवर राहतं, उजवं झुकतं, हेलकावे टिकतात. तेही जास्त वाटले तर ऑल्ट धरून तोच कोपरा ओढून पाहा.

मींडेचं कारण साधं आहे. बेंड रेंज (बेंड सूर किती सरकवेल ती मर्यादा) बहुतेक वाद्यांत मुळात २ सेमीटोन (अर्धे स्वर) असते, सा ते ग ४ आहेत. वाद्याच्या सेटिंगमध्ये रेंज १२ करा. बेंड मध्यापासून वर ८१९१ पर्यंत जातो, म्हणजे ग साधारण २७३० ला मिळेल. आधी काढलेले बेंड मात्र सहापट होतील, ते पुन्हा काढा. रेघ सरळ नको: सा वर थोडं थांबून हळू निघा, मध्ये वेग घ्या, ग जवळ येताना पुन्हा मंद व्हा. आणि पुढच्या सुराआधी बेंड मध्यावर आणा, नाहीतर पुढचं सगळं चढं वाजेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त सीसी १ पार्टमध्ये (सूर असलेला मिडी तुकडा) आणि ट्रॅकच्या ऑटोमेशनमध्ये (ट्रॅकवर वेगळे नोंदलेले बदल) असा दोन्हीकडे लिहिला गेला नाही ना, ते बघून घ्या. दोन्हीकडे असेल तर मर्ज मोडनुसार (दोन्ही कसे एकत्र करायचे ती सेटिंग) भलतीच व्हॅल्यू वाजते आणि माणूस कर्व्हला दोष देत बसतो.

धागाकर्ता

कोपरा ओढून शेवट ८६ वर आणला, हेलकावे शाबूत! सीसी १ फक्त पार्टमध्येच आहे. मींड ग पर्यंत पोचली, पण ग वर टेकताना किंचित वर जाऊन परत यावं असं वाटतंय. बासरीवाले कुणी असतील तर सांगा, तो स्पर्श मध्यमाला पूर्ण लागतो की अलीकडूनच परत फिरतो?