सल्ला हवाय: बाबांना हेलेनाची लढाई दाखवायचीय, एका दिवसात होईल का?

मेम्फिसची लेक:
बाबा (वय ७२) चार महिन्यांसाठी आलेत. जन्मभर गडकिल्ले पायाखाली घातलेले, आता गुडघे दुखतात पण उत्साह तोच. शायलोचं रणांगण बघून झालं, आता त्यांना अमेरिकन यादवीतलं हेलेना बघायचंय, आर्कान्सामधलं मिसिसिपीकाठचं गाव, ४ जुलै १८६३. तिथे बघण्यासारखं काय आहे? की सरळ विक्सबर्गलाच नेऊ, जिथे कॉन्फेडरेट (दक्षिणेच्या बंडखोर) सैन्याला मोठा वेढा पडला होता?

वाटसरू:
विक्सबर्गला मुक्काम ठेवा, घाईत नको. हेलेना मेम्फिसहून दीडेक तास, हायवे ६१ ने ट्युनिकावरून खाली आणि मग ४९ च्या पुलाने नदी ओलांडायची. आणि लढाई छोटी म्हणून टाळू नका प्लीज, गड बघितलेल्या माणसाला ती लगेच कळेल. पुढे नदी, मागे क्राउलीज रिजच्या टेकड्या, मध्ये खोल घळी, युनियनवाल्यांनी (उत्तरेकडचं सरकारी सैन्य) टेकड्यांवर चार तोफमोर्चे बांधले ए बी सी डी, आत फोर्ट कर्टिस आणि नदीत टायलर ही गनबोट. वाटांवर झाडं पाडून ठेवलेली त्यामुळे कॉन्फेडरेट लोकांना तोफा पुढे आणताच आल्या नाहीत. युनियनचा सेनापती प्रेंटिस (शायलोला पकडला गेला होता तोच, बाबांना आठवेल) सैन्याला रोज रात्री अडीचला उठवून उभं करायचा, ४ जुलैचा समारंभही त्याने रद्द केला. म्हणून चार हजारांनी साडेसात हजारांना परतवलं.

नदीकाठ:
+१. मला सगळ्यात चटका लावतो तो कॉन्फेडरेट सेनापती होम्सचा हुकूम, हल्ला 'उजाडल्यावर' करा. त्याच्या हाताखालच्या फेगनने धरलं फटफटल्यावर, प्राइसने धरलं सूर्य वर आल्यावर. मधल्या वेळात फेगनची माणसं डी मोर्च्यासमोरच्या घळींत एकटी मार खात राहिली. नंतर प्राइसने सी मोर्चा, म्हणजे ग्रेव्हयार्ड हिल, घेतलाही पण तिथून पुढे उतरलेले लोक फोर्ट कर्टिस आणि टायलरच्या माऱ्यात सापडले. कॉन्फेडरेट नुकसान (मेलेले, जखमी, बेपत्ता किंवा पकडलेले) १६३६, युनियनचं २३९. आणि हे सगळं विक्सबर्ग वाचवायला, जे त्याच दिवशी शरण गेलं!!

ताई, क्रम असा ठेवा. आधी डेल्टा कल्चरल सेंटर हे संग्रहालय, मग फोर्ट कर्टिसची प्रतिकृती, दोन्ही गावातच आहेत. सी मोर्चा टेकडीवर आहे, काकांना झेपेल तेवढंच चढवा पण तो बघितल्याशिवाय घळींचा अंदाज येत नाही. जुलै ऑगस्टमध्ये दुपारचं जाऊ नका, दमट उकाडा असतो.

वाटसरू:
फ्रीडम पार्क राहिलं की! गुलामीतून सुटून आलेली हजारो माणसं युनियनच्या आसऱ्याला हेलेनात आली, फार हालात राहिली, कितीतरी आजाराने गेली, आणि त्यांच्यातूनच पलटणी उभ्या राहिल्या. सेकंड आर्कान्सा ही कृष्णवर्णीय पलटण या लढाईच्या वेळी गावात होती. माझ्या मते मोर्च्यांपेक्षा जास्त वेळ इथे द्या.

मेम्फिसची लेक:
खूप खूप आभार दोघांचे. बाबांना वाचून दाखवलं, 'उजाडल्यावर' ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग वहीत चारही मोर्च्यांचा नकाशा काढायला लागले. शनिवारी सकाळी सहाला निघतोय. सी मोर्च्याच्या चढावर मध्येच टेकायला बाक वगैरे आहे का?