दिवाळखोराचे उरलेले कर्ज रद्द करण्याची कल्पना कोठून आली?

प्रश्न (टिपणवही): नादारीच्या कायद्यांवर टिपण काढताना एका ठिकाणी अडले आहे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे, असे आपल्याकडची न्यायालयेसुद्धा हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत मानत आली. मग ऋणकोची मालमत्ता विकूनही भागले नाही, तर बाकीचे कर्ज कायद्यानेच बुडीत ठरवायचे, हे प्रथम कोणाला सुचले? यामागे दया होती का?

प्रतिसाद (जुने_दप्तर): दया फारशी नव्हती. इंग्लंडमधल्या १५४२ च्या दिवाळखोरीच्या पहिल्या कायद्यात कर्जातून मुक्ततेचा शब्दही नाही. माल जप्त करून धनकोंत वाटायचा आणि उरलेल्या रकमेसाठी ऋणको पुन्हा तुरुंगात जायला मोकळा! त्यामुळे माल लपवण्याकडेच कल राहिला. त्यावर तोड म्हणून राणी ॲनच्या कारकिर्दीत १७०५ चा कायदा झाला. सगळे खरे सांगून चीजवस्तू हवाली करणाऱ्या व्यापाऱ्याची जुनी देणी संपत, आणि पौंडामागे (म्हणजे वीस शिलिंगांमागे) आठ शिलिंग फिटले तर वसुलीतले शेकडा पाच त्यालाच, दोनशे पौंडांच्या मर्यादेत, परत मिळत. लपवाछपवी करणाऱ्याला मात्र फाशी होती. ती नुसती कागदावर राहिली नाही. जॉन पेरट हा कापडाचा व्यापारी १७६१ मध्ये लंडनच्या स्मिथफील्डला फासावर गेला. शिवाय लगेचच १७०६ मध्ये, संख्येने आणि रकमेने चार पंचमांश धनकोंची संमती हवी, अशी अट घालून मुक्ततेची किल्ली पुन्हा धनकोंकडेच देण्यात आली. व्यापारी नसलेल्यांना तर १८६१ पर्यंत या कायद्याचे दारच उघडले नाही.

प्रतिसाद (आठ_आणे): तोच हिशेबीपणा आपल्या १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमातही दिसतो. तारणाविना असलेल्या देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयामागे आठ आणे भरत नसेल, तर न्यायालयाने बिनशर्त मुक्तता नाकारावी, असे कलम ४२ म्हणते. मात्र ही तूट आपल्या दोषामुळे आली नाही, हे नादाराने पटवून दिले तर गोष्ट वेगळी. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी आणि लबाडीने केलेली कर्जे अंगावर राहतातच. आणखी एक मेख अशी की, ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्जच केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होतो.

एक पुरवणी: १८७५ च्या सुपे-भिमथडीकडच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी (न्यायालयाच्या वसुली-निकालासाठी) शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. कर्ज तसेच राहिले, तुरुंग तेवढा टळला. ऋणमुक्ती आणि तुरुंगमुक्ती या दोन गोष्टी टिपणात वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्नकर्ती (टिपणवही): आभार. पण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हे जुने कायदे मोडीत निघाले ना?

प्रतिसाद (जुने_दप्तर): कंपन्यांपुरते म्हणाल तर तिथे संहिताच चालते. व्यक्तींविषयीचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. पस्तीस हजारांपर्यंतच्या कर्जातून गरिबाला मोकळे करणारे प्रकरण संहितेत छापलेले आहे, पण अंमलात नाही; सामान्य ऋणकोला मुंबईत १९०९ चा (इलाखा शहरांसाठीचा नादारी कायदा) आणि पुण्यात वर आलेला १९२० चाच कायदा धरावा लागतो.