विषय: ऑइलचं बिल, गारठलेलं घर आणि हीट पंप

प्रेषक: मृणाल, फ्रेमिंगहॅम

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही इथे मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं. १९५० च्या दशकातलं केप आहे, म्हणजे उतरत्या छताखाली वरच्या खोल्या असलेलं छोटं घर. बेसमेंटमध्ये २७५ गॅलनची हीटिंग ऑइलची टाकी, शेजारी जुना बॉयलर, खोल्यांमधून भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याचे बेसबोर्ड. आमच्या रस्त्यावर गॅसची लाइन नाही. अपार्टमेंटमध्ये हीटिंग भाड्यातच धरलेलं असायचं, त्यामुळे या खर्चाचा अंदाजच नव्हता. ख्रिसमसच्या आधी भरलेली टाकी जानेवारी संपायच्या आत तळाला गेली.

सासू-सासरे सांगलीहून आलेत, बाळ आठ महिन्यांचं आहे, म्हणून थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटच्या खाली नेता येत नाही. तरीही वरच्या मजल्यावरची खोली गारच. एक कंत्राटदार येऊन गेला. त्याचं म्हणणं, ऑइल पूर्ण काढा, हीट पंप बसवा, आणि या आठवड्यात सही केलीत तर सूट. शेजारी म्हणतात, खोलीखोलीत स्पेस हीटर लावा. सासरे केरोसीनच्या हीटरबद्दल विचारतायत. आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले, यातलं काहीच कळत नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

मृणाल

---

प्रेषक: श्रीकांत, ॲक्टन

मृणाल,

या आठवड्यात कशावरही सही करू नकोस. नोकरीभर मी इमारतींच्या हीटिंगचंच काम केलं, म्हणून हक्काने सांगतो. आज विझेल असा तुमचा बॉयलर नाही, तेव्हा घाई त्या कंत्राटदाराला आहे, तुम्हाला नाही.

आधी हिशेब. एक गॅलन ऑइलमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता असते. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर घराला मिळतात सुमारे १,१८,०००. ऑइल साडेतीन डॉलर गॅलन धरलं तर दहा लाख बीटीयूंना ३० डॉलरच्या आसपास पडतात. विजेच्या एका युनिटात ३,४१२ बीटीयू. युनिट ३० सेंटला धरलं, तर साध्या विजेच्या हीटरने तीच उष्णता ८८ डॉलरला पडते. तो विजेचा हीटर आत तेल भरलेला असो, सिरॅमिक असो की इन्फ्रारेड, उष्णता तेवढीच देतो. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे एका युनिटात अडीच-तीन युनिटांचं काम होतं. अख्ख्या हिवाळ्याची सरासरी २.७ धरली तर ८८ चे साडेबत्तीस होतात.

म्हणजे ऑइल ३० आणि हीट पंप साडेबत्तीस. तुला कोणी 'बिल निम्मं होईल' असं सांगितलं असेल, तर ते मॅसॅच्युसेट्सच्या वीजदरात बसत नाही. हा हिशेब दोन गोष्टींनी फिरतो. एक म्हणजे ऑइलचा भाव. २०२२ मध्ये तो पाच डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा हीट पंपवाले सुखात होते. दुसरी म्हणजे वीज कंपन्यांनी नोव्हेंबर २०२५ पासून हीट पंप असलेल्या घरांना नोव्हेंबर ते एप्रिल दिलेला कमी दर. युनिट २५ सेंटच्या आसपास आलं की हीट पंप २७ डॉलरवर येतो आणि ऑइलला मागे टाकतो. ज्यांच्याकडे नॅचरल गॅस आहे, त्यांनी निव्वळ बिलासाठी बदलू नये. थर्म (एक लाख बीटीयूंचा गॅस) सव्वादोन डॉलरला धरला तरी चांगल्या बॉयलरवर त्यांना २४ च पडतात.

आता तुझ्या घराकडे येतो. केपमध्ये वरच्या खोल्या उतरत्या छताखाली असतात आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बुटक्या भिंती. त्या भिंतींमागच्या पोकळीत त्या काळी इन्सुलेशन जेमतेम घालायचे, कित्येकदा घालायचेच नाहीत. खालची गरम हवा जिन्यातून, दिव्यांच्या भोकांतून, पाइपांच्या फटींतून वर चढते आणि तिथून निसटते. अंगात जाड कोट आणि डोकं उघडं, अशी ती घरं आहेत. बर्फ पडून गेल्यावर छताकडे बघ. शेजाऱ्यांच्या आधी तुमचं छत मोकळं होत असेल आणि पन्हळीवर जाड हिमकांड्या लोंबत असतील, तर तुमचं ऑइल तिथे जळतंय.

म्हणून पहिला फोन मास सेव्हला, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाला. घराची तपासणी फुकट असते. दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात, त्याला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात. त्या वेळी प्रत्येक फटीतून थंड हवा आत येताना हाताला लागते. फटी बुजवणं बहुतेक फुकटात होतं आणि इन्सुलेशनचा किमान पाऊण खर्च ते उचलतात. हे पैसे तुमच्याच वीजबिलातल्या आकारातून गोळा झालेले आहेत, तेव्हा संकोच नको.

हे आधी करायचं, याला आणखी एक कारण आहे. घराची गळती थांबली की हीट पंप लहान आकाराचा पुरतो. गळक्या घराचं माप घेऊन मोठं यंत्र बसवलं, तर ते सारखं चालू-बंद होत राहतं, वीजही जास्त खातं आणि त्याची किंमत तर आधीच भरलेली असते. कंत्राटदाराला विचार, "मॅन्युअल जे केलंत का?" म्हणजे खोलीगणिक उष्णतेचा हिशेब. नुसतं चौरस फुटांवरून आकडा सांगत असेल तर दुसरा शोध.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची. तुमचा बॉयलरच नळाचं पाणी तापवतो का? त्याच्या पोटातल्या कॉइलमधून पाणी तापत असेल, तर जुलैतही तो बॉयलर गरम राहतो आणि ऑइल पीत राहतो. त्याऐवजी बेसमेंटमध्ये हीट पंप वॉटर हीटर बसवा. साध्या विजेच्या हीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पाणी तापतं आणि उन्हाळ्यात बेसमेंटची ओलही ओढून घेतो. हिवाळ्यात बेसमेंट थोडं गार होतं, तेवढं चालवून घ्यायचं. माझ्या मते ऑइलच्या घरात यंत्रांवर पहिला खर्च करायचा तो इथे.

त्यानंतर हीट पंप, आणि तोही बॉयलर न काढता. बेसबोर्डला १६०-१८० अंशांचं पाणी लागतं, ते घरगुती हीट पंपाला सहसा झेपत नाही, म्हणून भिंतीवरचे मिनी-स्प्लिट (स्प्लिट एसीसारखे दिसणारे हीट पंप) घ्यावे लागतील. थंड हवेसाठी बनवलेली मॉडेल्स ५ फॅरनहाइटलाही चालतात, पण तेव्हा एका युनिटात दोनाचंच काम होतं. म्हणजे ८८ चे ४४, आणि ऑइल त्या दिवशीही ३०. तेव्हा पारा २० च्या वर असेल तोवर हीट पंप आणि खाली गेला की ऑइल, असं लावून ठेवा. दोन्ही असले की टाकी हिवाळाभर पुरू शकते. मास सेव्हची हीट पंपावरची सवलत आणि बिनव्याजी कर्ज यांच्या अटी दरवर्षी बदलतात, अख्ख्या घराचं हीटिंग बदललं तर सवलत वेगळी असते, ते तपासणीच्या वेळी विचारून घे. केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत मात्र ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ती अजून वजा केलेली दिसली तर तिथेच थांब.

तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि केरोसीनचं तेवढं सोडून द्यायला सांग. धुराडं नसलेले केरोसीनचे हीटर आपल्या राज्यात घरात वापरायला बंदी आहे, आणि बंद घरात बाळ असताना मी ते कायदा नसता तरी लावू दिले नसते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: ओंकार, वूस्टर

काका, फार उपयोगी. आम्ही भाड्याने राहणारे काय करू शकतो? आम्ही थ्री-डेकरच्या, म्हणजे मजल्यागणिक एक बिऱ्हाड असलेल्या तीन मजली घराच्या, मधल्या मजल्यावर आहोत. हीटिंगचं बिल आम्हीच भरतो. शिवाय दारावर एक माणूस आला होता, बिल दाखवा, दर कमी करून देतो म्हणाला.

---

प्रेषक: श्रीकांत, ॲक्टन

ओंकार, त्याला बिल दाखवू नकोस. बिलावर दोन भाग असतात, वीज पोचवण्याचा आणि विजेचा. पोचवणारी कंपनी बदलता येत नाही, विजेचा पुरवठादार बदलता येतो आणि ही माणसं तेच करतात. पहिले काही महिने दर कमी, मग वाढत जातो. या कंपन्यांकडे गेलेल्या घरांनी एकूण जास्तच पैसे भरले, असं राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने एकापेक्षा जास्त अहवालांत दाखवलं आहे. तुमचा बिलावरचा खाते क्रमांक मिळाला की पुरवठादार बदलून टाकायला त्यांना वेळ लागत नाही. बिलावर पुरवठादार म्हणून कोणाचं नाव आहे ते आजच बघ.

आणि तुझा लेखी करार काढून वाच. हीटिंगचा खर्च भाडेकरूने करायचा असं लेखी करारात नसेल, तर तो घरमालकाचा आहे. यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं तर नेहमीच त्याचं काम. हीटिंगच्या मोसमात दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंशांपर्यंत घर तापलंच पाहिजे, हा राज्याच्या आरोग्य संहितेचा नियम आहे. तापत नसेल तर गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे तक्रार करता येते. मास सेव्हची तपासणी भाडेकरूंनाही मिळते, इन्सुलेशनसाठी मालकाची परवानगी लागते.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच लिहितो. या वर्षी आपल्यातल्या बऱ्याच घरांत नोकरी गेली आहे. उत्पन्न कमी झालं असेल तर फ्युएल असिस्टन्ससाठी (हीटिंगच्या खर्चासाठीची सरकारी मदत) अर्ज करा, ती मदत १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या मोसमासाठी असते आणि ऑइलसाठीही मिळते. आर्थिक अडचण कळवलेली असेल तर १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात हीटिंगसाठी लागणारी वीज किंवा गॅस कंपनी तोडू शकत नाही. पण ती कळवावी लागते, आपोआप होत नाही. फॉर्म भरायला कोणाला मदत हवी असेल तर मला एकट्याला लिहा, लिस्टवर लिहायची गरज नाही.

---

प्रेषक: शुभदा, नॅशुआ

मृणाल, आमच्याकडे पेलेट स्टोव्ह आहे म्हणून थोडं लिहिते. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या. ४० पौंडांची पिशवी येते, पन्नास पिशव्यांचा एक टन. टन ४०० डॉलरला पडला तर काकांच्या हिशेबाने ३१ च्या आसपास बसतो, म्हणजे ऑइलएवढंच. पैसे वाचतात ते सगळं घर तापवायचं सोडून बसायची खोली तापवल्यामुळे. आणि ती ऊब वेगळीच, माझी आई भारतातून आली की तिथून हलत नाही. पण कडाक्याच्या थंडीत रोज एक पिशवी उचलायची, राख काढायची, काच पुसायची. हे जमणार असेल तरच घ्या. स्टोव्हला वीज लागते, त्यामुळे वादळात लाइट गेले की तोही बंद. विमा कंपनीला आधी कळवा. आणि रांगतं बाळ असेल तर काचेसमोर कठडा हवाच, ती काच भयंकर तापते.

स्पेस हीटरबद्दल. १,५०० वॉटचा हीटर ३० सेंटने तासाला ४५ सेंट खातो. रात्रीचे आठ तास लावला तर महिन्याला शंभराच्या वर. तरी आजी-आजोबांच्या खोलीत एक लावून बाकी घराचा थर्मोस्टॅट रात्री ६२ वर आणला, तर ऑइलमध्ये त्यातले काही पैसे निघतात. ७० वरच ठेवून वर हीटर लावला तर दोन्हीकडून खर्च. हीटर थेट भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा, एक्स्टेंशन कॉर्डवर कधीच नाही. आई-बाबांना गादीवर घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आणून द्या. शंभरेक वॉटमध्ये काम होतं, वर घरची गोधडी असली की झालं. बाळाला मात्र ते नको, त्याला स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपायची पिशवी.

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. रिकामी झाली की तळाचा गाळ आणि हवा लाइनमध्ये जाते, मग ऑइल भरलं तरी बर्नर पेटत नाही, माणूस बोलवावा लागतो. अगदीच अडचण आली तर पेट्रोल पंपावरचं डिझेल पाच गॅलन ओतून वेळ निभावता येते. आणि आपोआप येऊन भरणाऱ्या कंपनीपेक्षा फोन करून त्या दिवसाचा भाव विचारून मागवलेलं ऑइल बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक बघून आश्चर्य वाटेल.

बर्फ पडून गेल्यावर बॉयलर-स्टोव्हचा धूर सोडणारे, भिंतीतून बाहेर आलेले व्हेंटचे पाइप मोकळे करा. २००५ मध्ये प्लिमथला बर्फाने व्हेंट बुजला आणि सात वर्षांची निकोल कार्बन मोनॉक्साइडने गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये घरोघरी अलार्म सक्तीचा झाला तो तिच्या नावाच्या कायद्याने. तुमचे अलार्म किती वर्षांचे आहेत ते मागच्या बाजूला तारखेत दिसेल.

शुभदा

---

प्रेषक: मृणाल, फ्रेमिंगहॅम

काका, शुभदाताई, खूप आभार. कंत्राटदाराला थांबवलं आहे. केरोसीनचा विषय बाबांनी स्वतःच सोडून दिला.

आज मास सेव्हची तपासणी होती. बुटक्या भिंतींमागे काहीच नाही, काका म्हणाले तसंच. पण वरच्या माळ्यावर त्यांना राखाडी-सोनेरी, खड्यांसारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. व्हर्मिक्युलाइट आहे म्हणाले, म्हणजे जुन्या काळचं खनिजाचं इन्सुलेशन, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पंख्याची टेस्ट न करताच गेले. ते काढल्याशिवाय पुढे काही करणार नाहीत. आता काय?

---

प्रेषक: श्रीकांत, ॲक्टन

मृणाल,

घाबरू नकोस, न हलवता पडून असेल तोवर ते घरात येण्याची शक्यता कमी असते. त्यांनी पंखा लावला नाही हे बरोबरच केलं, नाहीतर ती धूळ खाली ओढली गेली असती. माळ्यावर कोणीही जायचं नाही, सामान ठेवायचं नाही, झाडायचं तर अजिबात नाही. माळ्याच्या दाराच्या कडेने टेप लाव.

त्या काळचं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं आणि झोनोलाइट नावाने विकलं जायचं. त्यात ॲस्बेस्टॉस होतं. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर न्यायालयाच्या देखरेखीखाली एक ट्रस्ट उभा राहिला, तो काढण्याच्या खर्चाचा काही भाग परत देतो. पण माल झोनोलाइटच होता याचा पुरावा लागतो. म्हणून काढायच्या आधी परवानाधारक माणसाकडून नमुना आणि फोटो घेऊन ठेव, बिलं जपून ठेव. काढून टाकल्यावर पुरावा उरत नाही. मास सेव्हच्या माणसालाही विचार, अशा अडथळ्यांसाठी त्यांच्याकडे वेगळी मदत असते.

तोवर बेसमेंटची बाजू करून घे. पायाच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट बसते, तिथली फट फोमने बुजवता येते, माळ्याला हात न लावता. बॉयलरचे पाइप गुंडाळून घे. बर्नरची वार्षिक साफसफाई झाली नसेल तर करून घे आणि त्या माणसाकडून कार्यक्षमतेची चिठ्ठी माग. शनिवारी दुपारी मी त्या बाजूला येणार आहे, हवं तर पाण्याची कॉइल आहे का ते बघून देतो.

श्रीकांतकाका