माइंडफुलनेस : सजगता, अवधान की भान?

नमस्कार. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये माइंडफुलनेसचे दोन तास यंदा माझ्याकडे आलेत. वर्गातली बरीच मुलं मराठी माध्यमातून शिकलेली, म्हणून टिपण मराठीत करायला घेतलं आणि मथळ्यावरच अडले.

पुरवण्यांमधून 'सजगता' रुळलाय. पण सजग नागरिक, सजग ग्राहक, सजग पालक हे सगळे कुणावर तरी नजर ठेवून असतात. मला हवा तो अर्थ निराळा आहे: समोर जे आहे आणि आपल्या आत जे चाललंय, ते मुद्दाम, आत्ताच्या आत्ता, लगेच निवाडा न करता बघणं.

शब्द कशासाठी हवाय तेही सांगते. राउंडच्या आधी एक रेसिडेंट (निवासी डॉक्टर) पेशंटच्या खाटेशी उभा होता. रात्रभर झोप नाही. मान खाली घालून केसपेपर भरत विचारत होता, कुठं दुखतं, किती दिवस, उलटी होते का. बाई गप्पच. शेवटी म्हणाल्या, "तुमचं लिवून होऊ द्या, मग सांगते." मुलगा हुशार आहे, मनानं चांगला आहे. त्याच्या कानाशी हळूच म्हणता येईल असा शब्द मला हवाय. 'सजगता बाळग' असं काही मला म्हणवत नाही.

प्रतिसाद :
मॅडम, हा शब्द मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. पालीत 'सति', संस्कृतात 'स्मृती'. पालीचे ब्रिटिश अभ्यासक रीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली बौद्ध सुत्तांच्या भाषांतरात 'सति'साठी माइंडफुलनेस वापरला. पुढे १९७९ मध्ये जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, आणि शब्द दवाखान्यात शिरला. तो डॉक्टरांनाच लावून पाहणारा अमेरिकन डॉक्टर रोनाल्ड एप्स्टाइन यांचा गाजलेला लेख १९९९चा.

अष्टांगिक मार्गातली 'सम्यक स्मृती' आमच्या विहारात पोरांनाही पाठ असते. तरीही मथळ्याला 'स्मृती' घ्या असं मी म्हणणार नाही. आज स्मृती म्हटलं की आठवण, स्मृतिदिन, स्मृतिभ्रंश. पण अर्थातला तो धागा सोडू नका. सति म्हणजे नुसतं बघणं नव्हे, आपण इथं कशासाठी आहोत ते न विसरता बघणं. मराठीत आपण 'ध्यानात ठेव' म्हणतो, त्यात लक्ष आणि आठवण दोन्ही आली.

प्रतिसाद :
'अवधान' घ्या की. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय त्याच शब्दानं उघडतो: "तरी अवधान एकलें दीजे". अवधान 'द्यायचं' असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण एकच, 'सावधान'. स-अवधान म्हणजे लक्षपूर्वक, पण घाटातल्या पाट्यांनी त्याची पार धोक्याची सूचना करून टाकली.

प्रतिसाद :
मी तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी ऑपरेशननंतरच्या खोलीत. तिथं आम्ही दोन शब्द वेगळे ठेवायचो. पेशंट 'शुद्धीवर' आला म्हणजे हाक मारली की डोळे उघडतो. 'भानावर' आला म्हणजे आपण कुठं आहोत, काय झालंय हे त्याला कळतं. शुद्धीवर असलेला माणूस भानावर असेलच असं नाही. डॉक्टरांचंही तेच. तुमचा तो मुलगा शुद्धीवर होता, भानावर नव्हता. आणि भान ठेवणं, भान असणं, भान सुटणं, हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

मूळ लेखिका :
सिस्टर, शुद्ध आणि भान यांतला हा फरक तुम्ही ज्या नेमकेपणानं सांगितलात, तसा मला कोणत्या कोशात सापडला नसता. मनापासून आभार.

एक शंका मनात होती. आपल्याकडे देहभान विसरणं ही कीर्तनातली सर्वोच्च अवस्था. मग भान टिकवा असं कसं सांगायचं? पण विचार करताना वाटलं, तिथं विसरायचा असतो तो 'मी'. खाटेजवळही तोच आड येतो: माझी झोप, माझा राउंड, माझं प्रेझेंटेशन. तेव्हा या दोन भानांचं भांडण नाही.

'भान'ला दटावणीचा सूर आहे हेही खरं. "कुणाशी बोलतोयस याचं भान ठेव" म्हणजे धाकच. वरिष्ठ तो वापरतात खालच्यांसाठी. मला तो उलटा फिरवायचाय, कारण टिपणाचा दुसरा भाग युनिट चालवणाऱ्यांसाठी आहे. काही वर्षांपूर्वी सकाळच्या मीटिंगमध्ये एका इंटर्ननं आपणहून सांगितलं की औषधाचा डोस चुकून दोनदा गेला. पेशंटला काही झालं नव्हतं. मी सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मीटिंगमध्ये कुणी चूक म्हणून सांगितली नाही, आणि चुका होत नव्हत्या असं थोडंच आहे! भान तिचं नव्हे, माझं सुटलं होतं.

अमेरिकेतल्या रोचेस्टरमधल्या सत्तर डॉक्टरांवरचा माइंडफुलनेसचा २००९चा अभ्यास मला म्हणूनच जवळचा वाटतो. आठ आठवडे दर आठवड्याला बसायचं, पुढे दहा महिने महिन्यातून एकदा. श्वासावर लक्ष ठेवण्याइतकंच महत्त्व तिथं आपापल्या पेशंटचे अनुभव एकमेकांना सांगण्याला आणि ऐकण्याला होतं. त्यांचा थकवा कमी झाल्याचं दिसलं. नियंत्रण-गट, म्हणजे तुलनेसाठी हा सराव न केलेल्या डॉक्टरांचा गट, नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. पण ऐकून घेणं हा सरावाचा विषय आहे, एवढं मी त्यातून घेतलं.

तर मथळा 'भान'. कंसात सम्यक स्मृतीचा उल्लेख, आणि 'सजगता' एकदा, म्हणजे बाहेर वाचताना मुलं अडणार नाहीत. क्रियापद 'भानावर असणं'. पहिला सराव असा लिहिलाय: खाटेशी गेल्यावर हाताला सॅनिटायझर लावायचं. ते नीट चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात. तेवढा वेळ पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं. हात कोरडे होईपर्यंत केसपेपर उघडायचा नाही.